जिता गिलावा

खाणीतलं पाणी हा सावत्र भाऊ असतो, असं वाघदऱ्याच्या वडारवस्तीत म्हणत. हाकलला तरी जात नाही, आणि आपला हिस्सा घेतल्याशिवाय राहत नाही.

सारिका अलकुंटेचं अर्धं आयुष्य या सावत्र भावाशी भांडण्यात गेलं होतं. वाघदऱ्याच्या खाणीतल्या पाणउपशाची ती प्रमुख होती. दोन पिढ्या खोदून खोदून काळ्या कातळाची ही खाण एवढी खोल गेली होती की बुडाशी उभं राहिलं की काठावरचे डंपर जत्रेतल्या खेळण्यांएवढे दिसत. कातळ वरून कितीही एकसंध वाटला तरी आतून भेगाळलेला असतो. डोंगरावर पडलेला पाऊस दोन थरांच्या फटींतून आणि उभ्या सांध्यांतून वाट काढत खाणीत उतरायचा. पंप दिवसरात्र चालू ठेवावे लागत, आणि वीज गेली की पाणी चढलंच म्हणून समजायचं. सारिका शाळेत असताना एकदा भरदुपारी पंप असेच बंद पडले. बुडाशी राहिलेल्या पहारी आणायला तिची आई खाली गेली, ती परत वर आलीच नाही.

तेव्हापासून पाणी ठिबकल्याचा आवाज सारिकाला सोसत नसे. घरातला नळही ती दोनदोनदा पिळून बंद करी. खाणकामाची पदवी हातात पडल्यावर तिला कुठंही नोकरी मिळाली असती, पण ती इथंच परतली. या पाण्याचा कायमचा बंदोबस्त करायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

तो बंदोबस्त तिला सापडला, आणि तो जिवंत होता.

मातीत मुळातच एक जीवाणू असतो. तो युरियावर जगतो. युरिया फोडताना तो भोवतालच्या पाण्याचा गुणधर्म असा बदलून टाकतो की पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम चुनखडी होऊन त्याच्याच अंगावर बसतं. थोडक्यात, हा जीव जेवता जेवता स्वतःभोवती भिंत बांधतो. ‘शिलासंधान’ नावाच्या कंपनीनं त्याला प्रयोगशाळेत आणखी चिवट आणि आणखी खादाड बनवला. कातळाच्या भेगांत तो सोडायचा, वरून युरियाचा आणि कॅल्शियमच्या क्षाराचा खुराक द्यायचा, की आठवडाभरात भेग बुजलेली. सिमेंटनंही भेगा बुजवता येतात, पण खाणीत रोज सुरुंग उडतात आणि सिमेंट रोज तडकतं. हा गिलावा तडकला की आत झोपलेले जीवाणू जागे होत आणि संध्याकाळपर्यंत तडा भरून काढत. गिलावा कुठवर पसरलाय हे कळावं म्हणून कंपनीनं आणखी एक सोय केली होती. जांभळ्या किरणांची बॅटरी मारली की तो हिरवा चमके. वस्तीनं त्याचं बारसं केलं, ‘जिता गिलावा’.

दोन पावसाळे खाण ठणठणीत कोरडी राहिली. पंपांना गंज चढला. जिथं सारिकाची आई बुडाली होती तिथं बसून माणसं भाकरी खाऊ लागली, आणि म्हातारी माणसंसुद्धा सारिकाला वाट सोडून उभी राहू लागली.

भोक मात्र एक ठेवावंच लागलं. सगळीकडून बुजवलं तर भिंतीमागे पाणी तुंबतं आणि त्याच्या दाबानं कातळ फुटतो, म्हणून निचऱ्याला एक वाट लागते. खाण पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते आणि एकेक पायरी दुमजली घराएवढी असते. त्यातल्या बुडाकडून दुसऱ्या पायरीवर शेंदूर फासलेले सात दगड होते आणि त्यांच्यामागून बोटभर झरा वाहत होता. त्या सात आसरा, पाण्यातल्या देवी. त्यांचं तोंड बुजवायचं नाही म्हणून वस्ती अडून बसली होती, आणि सर्वांत पुढं होते सारिकाचेच वडील, भीमण्णा आप्पा. आसरांची पूजा त्यांच्याकडं होती. सारिकानं निचऱ्याचं भोक नेमकं तिथंच ठेवलं आणि वस्तीला सांगितलं की आसरांचा श्वास मोकळा राहील, काळजी नसावी. वस्ती खूश, कंपनीही खूश. शास्त्रातली गोष्ट माणसांना त्यांच्या देवाच्या बोलीत सांगायची तिला चांगली हातोटी होती, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

तिची धाकटी बहीण मोहिनी श्रावणात माहेरी आली. आधीची दोन पोरं पोटातच गेलेली. या खेपेला दिवस पुढं सरकले होते, म्हणून घरात सगळे दबकून बोलत. तिचा नवरा गुजरातेत बंदरावर डंपर चालवायला होता. आप्पा रोज सकाळी आंघोळ करून झऱ्यावर जात आणि आसरांच्या पाण्याचा तांब्या भरून आणत. वस्तीही पिण्याचं पाणी तिथूनच भरे, पण गरोदर लेकीला दगडातलं पाणी पाजायची रीतच होती. पोर दगडावानी घट्ट व्हावं, असा त्यामागचा भाव. मोहिनी तांब्याला तोंड लावून घटाघटा प्यायची आणि म्हणायची, “अक्का, तुझ्या कंपनीच्या बाटलीतल्या पान्याला ही गोडी न्हाई बघ.”

सारिका हसायची. कधीमधी तीही घोटभर घ्यायची.

भाद्रपद लागला आणि मोहिनीच्या कंबरेत कळा सुरू झाल्या. आधी वाटलं अवघडलेपण असेल. मग ताप आला, लघवी गढूळ झाली, आणि एके दिवशी ती होईनाशीच झाली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर फरीदा मुजावर होत्या. मूत्रपिंडाच्या विकारांत त्यांचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. त्यांनी सारिकाला पडद्यावर बहिणीचं डावं मूत्रपिंड दाखवलं. आत आल्याचा गड्डा ठेवावा तसा फांद्याफांद्यांचा पांढरा खडा सगळीकडं भरला होता. उजव्यातही सुरुवात झाली होती.

“असे खडे जंतुसंसर्गानं होतात,” डॉक्टर म्हणाल्या. “लघवीत युरिया असतो, कॅल्शियम असतं. युरिया फोडणारे जंतू आत शिरले की तिथं चुना धरतो. मी हे खूप पाहिलंय. पण महिनोन् महिने लागतात हो याला. हिचा खडा मला कालपेक्षा आज मोठा दिसतोय.”

युरिया आणि कॅल्शियम. हाच खुराक ती दोन वर्षं स्वतःच्या हातानं कातळाला पाजत आली होती. ज्या भेगेत हे दोन्ही मिळतं तिथं हा जीव घर करणार, मग ती भेग दगडाची असो की माणसाची. कंपनीच्या माहितीपत्रात लिहिलं होतं की हा जीवाणू अंगाच्या उष्णतेत तगत नाही. दोन उन्हाळे तापलेल्या कातळात काढल्यावर तो काय काय शिकला असेल, ते पाहायला कुणी गेलं नव्हतं.

मोहिनीच्या पाठीतून डॉक्टरांनी निचऱ्यासाठी एक नळी घातली होती आणि तिच्या टोकाला पिशवी लावली होती. सारिकानं खिशातली जांभळी बॅटरी काढली आणि पडदे ओढायला सांगितले. पिशवीच्या तळाशी बसलेला गाळ हिरवागार चमकला. नळीच्या आतल्या कडाही चमकत होत्या.

डॉक्टर मुजावरांनी स्वतःच पडदे पुन्हा उघडले. मग त्यांनी एकेक वाट मोजून दाखवली आणि प्रत्येक वाट कशी बंद आहे तेही सांगितलं. प्रतिजैविकं खड्याच्या आत पोहोचत नाहीत, जंतू आपल्याच भिंतीआड सुरक्षित बसतात. युरिया फोडणं थांबवणारं औषध आहे, पण ते पोटातल्या जिवाला घातक. शस्त्रक्रिया करून खडा काढला तरी कणभर मागं राहणारच, आणि हा ज्या वेगानं वाढतोय त्या वेगानं दोन दिवसांत पुन्हा तेच. मूल आता बाहेर काढावं तर ते तळहाताएवढं, आणि आईच्या अंगात विष भिनत चाललेलं. नळीसुद्धा उद्यापर्यंत बुजेल.

“उद्या रात्रीनंतरचं मी काही सांगू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “दोघांपैकी कुणाचंच.”

मोहिनी ग्लानीत होती, पण तिनं ऐकलं असावं. तिनं सारिकाचा हात ओढून पोटावर ठेवला. आत पोर हलत होतं.

सारिका वस्तीवर आली तेव्हा उन्हं उतरत होती. तिनं घरोघर जाऊन बॅटरी मारली. माठांचे तळ आणि चहाच्या पातेल्यांचे काठ हिरवे चमकले. आप्पांचा तांब्या आतून इतका चमकला की शेजारच्या बायका मागं सरल्या. हे पाणी कुणी प्यायचं नाही असं तिनं सांगितलं, आणि वस्तीत एकच कालवा उठला. कुणाच्या कंबरेत कळ होती, कुणाच्या लघवीला जळजळ होती. महिनाभर अंगावर काढलेलं दुखणं आता सगळ्यांना एकदम आठवलं.

आप्पा तेवढे उंबऱ्यात बसून होते. त्यांना काही पटत नव्हतं. आसरांचं पाणी माणसाला आजारी पाडतं, हे त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. सारिकानं जीवाणू समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांना न दिसणारा जीव आप्पांच्या गळी उतरेना. शेवटी जुन्या सवयीनं तिनं सोपी वाट धरली.

“आप्पा, आसरा आजारी न्हाई पाडत. त्यांच्या पान्यालाच आजार झालाय. माझ्या गिलाव्यानं झालाय.”

हे त्यांना पटलं. त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिलासंधानचा क्षेत्राधिकारी केळुसकर खाणीवर आला. सारिकानं रात्रीच कळवलं होतं. माणूस वाईट नव्हता. सारिकानं दवाखान्यातून बाटलीत आणलेला पिशवीतला गाळ पाहून त्यानं डोक्याला हात लावला. त्यानंच मग ‘विराम’ची गोष्ट काढली, म्हणजे सारिकाला ती अर्धी माहीत होतीच. काठावरच्या तिच्या खोलीत भिंतीला एक पोलादी पेटी ठोकलेली होती आणि तिच्यात विरामची एक कुपी होती. सरकारी नियमानुसार अशी पेटी प्रत्येक जागी ठेवावी लागे.

विराम हा विषाणू होता, पण माणसाला त्याचा त्रास नव्हता. तो फक्त गिलाव्याच्या जीवाणूंवर जगे. एका जीवाणूत शिरला की अर्ध्या तासात शंभर होऊन बाहेर पडे, आणि ते शंभर पुढचे शंभर जीव गाठत. भक्ष्य संपेपर्यंत थांबायचं त्याला ठाऊक नव्हतं. एक थेंब काय आणि कुपीभर काय, शेवट एकच. चुन्याच्या भिंतीआड बसलेल्या जीवाणूलाही तो सोडत नसे.

“मग द्या तो मोहिनीला,” सारिका म्हणाली.

केळुसकरनं घाम पुसला. तिच्या अंगातून तो लघवीवाटे बाहेर येणार, गटारात जाणार, ओढ्याला लागणार. राज्यात किती बोगद्यांत आणि किती धरणांच्या भिंतींत हा गिलावा भरलाय याची सारिकाताईंना कल्पना असेलच. मुख्य कार्यालयाच्या परवानगीशिवाय पेटीला हात लावता येत नाही. आपण निरोप धाडलाय, उत्तर एकदोन दिवसांत येईल. हे बोलताना तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

एकदोन दिवस. दवाखान्यातली नळी बुजत आली होती.

तेवढ्यात सकाळचा सुरुंग उडाला, आणि नेहमीप्रमाणे केळुसकर बाहेर जाऊन भिंतीला गेलेले तडे पाहू लागला. सारिकानं दार लावून घेतलं, कोपऱ्यात उभा असलेला आप्पांचा जुना घण उचलला आणि पेटीच्या कुलपावर घातला. वडाराच्या लेकीचा घाव तो, दुसऱ्या घावाला कुलूप तुटलं. मोहिनीची खबर घ्यायला आलेले आप्पा मागच्या दाराशी उभेच होते. तिनं बोटाएवढी कुपी त्यांच्या पटक्यात खोचली.

“आप्पा, पान्याला जो आजार झालाय, त्याच्यावरचं ह्ये औषध. एवढंच हाय. मोहिनीसाठी हाय. नीट मुजावरबाईंच्या हातात नेऊन दे. जा.”

आप्पा गेले, आणि औषध निघाल्याचं सारिकानं डॉक्टरांना फोनवर कळवलं. पेटी तुटल्याचा इशारा तोवर कंपनीत वाजला होता. केळुसकर धावत आला, दाराशी रखवालदार उभे राहिले, आणि सारिकाला खुर्चीत बसवून चौकशी सुरू झाली. कुपी कुठंय, कुणाकडं दिली, रस्ता कुठला. ती तोंडाला कुलूप लावून बसली. आप्पा आता एसटीत असतील, आता पुलावर, आता दवाखान्याच्या पायऱ्या चढत असतील, असा मनातल्या मनात त्यांच्याबरोबर तिचा प्रवास चालला होता. या दोन दिवसांत पहिल्यांदा तिला जरा श्वास आला.

दुपार कलली तेव्हा डॉक्टर मुजावरांचा फोन आला. नळी बंद पडली होती. मोहिनीला थंडी वाजून येत होती.

“सारिकाताई, ते औषध पाठवताय ना? अजून इथं कुणीही आलेलं नाही.”

सारिका उठली. तिला कुणी अडवलं नाही. ती काठावर गेली आणि खाली पाहिलं. दुसऱ्या पायरीवर सात आसरांपुढं आप्पा मांडी घालून बसले होते. पुढ्यात उदबत्तीचा धूर वर चढत होता. मागचा झरा हातभर रुंद झाला होता, आणि त्यातून ताकासारखं पांढरं पाणी वाहत होतं.

नवं जे काही असेल ते आधी आसरांना. नव्या धान्याची पहिली भाकरी, नवी सून, तान्हं मूल, पहिल्या पगाराचा नारळ. या रीतीत सारिका स्वतः वाढली होती. तिला स्वतःलाही लहानपणी त्याच दगडांपुढं ठेवलं होतं. आणि आजार पाण्याला झालाय, हे तर तिनंच आप्पांना पटवलं होतं.

केळुसकरनंही तिच्या खांद्यावरून पाहिलं. गिलावा मरत होता. सकाळच्या सुरुंगाचे तडे संध्याकाळपर्यंत भरून निघायचे, ते आता भरणार नव्हते. पावसाळ्याचं अख्खं पाणी त्या भिंतीमागे उभं होतं. सारिकानं पाणी चढल्याचा भोंगा वाजवला. खालची माणसं आधी नुसतीच वर बघत राहिली. दोन वर्षांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. मग कुणीतरी धावलं, आणि मग सगळेच धावत सुटले. ब्रेकर तिथंच टाकले, डंपर चालू ठेवून माणसं उतरणीच्या रस्त्यानं वर आली.

काठावर उभ्या उभ्या सारिकाच्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. कुपी रिकामी झाली. आणि कुपीत होतं त्याच्या लाखपट ते आता या पाण्यात आहे.

तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि एका दमात सांगितलं. 

“खाणीचं पाणी मी पेशंटच्या मूत्रपिंडात घालू?” डॉक्टर म्हणाल्या. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागल्या. त्यांच्याकडं बारीक गाळणी होती. तिच्यातून जीवाणू जात नाहीत, विषाणू जातो. गाळून, सौम्य करून नळीतून सोडता येईल. खड्यातले जीवाणू मेले की लिंबासारख्या सौम्य आम्लानं खडा धुता येतो, एरवी तो धुतला तरी पुन्हा धरतो. मरताना जीवाणू विष सोडतील, ताप चढेल, कळाही सुरू होतील कदाचित. हे कुठल्याही पुस्तकात बसत नव्हतं.

“घेऊन या,” त्या म्हणाल्या. “तासाभरात आणलंत तर.”

केळुसकर म्हणाला की खाली जाऊ नका, ही भिंत आता कधीही सुटेल. सारिकानं पिण्याच्या पाण्याचा रिकामा कॅन उचलला आणि उतरणीनं पळत सुटली.

आप्पांनी तिला येताना पाहिलं आणि ते हसले. त्यांचा तांब्या भरलेलाच होता.

“पान्याला औषध दिलं,” ते म्हणाले. “समदं दिलं. देवीम्होरं अर्धं-उष्टं ठेवत न्हाईत. आता पानी बरं हुतंय. जरा निवळलं की ह्यो तांब्या घेऊन निघनारच व्हतो.”

तिला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. मोहिनी तिकडं मरते आहे, आणि तू इथं उदबत्ती लावून बसलायस, असं काहीतरी भयंकर तिच्या ओठांपर्यंत आलं. पण वेळ नव्हता, आणि ज्या पाण्यासाठी ती आली होती तेच पाणी ते तिच्यापुढं धरून उभे होते. तिनं तांब्या कॅनमध्ये ओतला आणि कॅन झऱ्याखाली धरला. पांढरं पाणी भसाभसा आत शिरलं. तिच्या डोक्यावर कातळात काहीतरी करकरलं.

“आप्पा, चल. भिंत जातीय.”

दोघं चढणीला लागले. भरलेला कॅन तिच्या खांद्यावर होता. आप्पांचा उजवा गुडघा जन्मभर दगड फोडून गेलेला, चढ त्यांना थांबत थांबतच होई. दहावीस पावलांवर ते थांबले. तिनं एका हातानं त्यांचा दंड धरला, तसा कॅन घसरून पाणी सांडलं. तिनं दंड सोडून कॅन सावरला. मागं मोठा आवाज झाला, आणि सात दगडांच्या वरची कातळाची फळी कवाडासारखी पुढं झुकली. बाजूच्या तड्यांतून पाण्याचे पाट सुटले. बुडाशी उभे असलेले डंपर चाकांपर्यंत बुडाले होते.

आप्पांनी तिचा हात आपल्या दंडावर पुन्हा पडू दिला नाही.

“तू हो म्होरं,” ते म्हणाले. “पोरीला पानी दे. मी येतो.”

तिला ठाऊक होतं. हा गुडघा घेऊन हा म्हातारा ती चढण चढणार नाही, पाणी त्याच्याआधी चढेल, हे तिला अगदी स्वच्छ ठाऊक होतं. पाणी किती वेगानं चढतं हे तिच्याइतकं त्या खाणीत कुणालाच माहीत नव्हतं. ती अर्धा क्षण उभी राहिली. मग वळली आणि खांद्यावर कॅन घेऊन धावली. धावताना ती मोठ्यानं रडत होती, आणि तो आवाज आपलाच आहे हे तिला काठावर पोहोचेपर्यंत कळलं नाही. केळुसकर दोर आणि माणसं घेऊन उतरणीकडं पळत होता. त्यानं गाडीची किल्ली तिच्या हातात कोंबली, आणि ती मागं न बघता सुटली.

डॉक्टरांनी पाणी गाळलं. काचेच्या भांड्यात ते साध्या पाण्यासारखं दिसत होतं. नळीतून ते थोडं थोडं आत गेलं. ताप चढला, मोहिनीचे दात वाजले, तिनं नवऱ्याला हाका मारल्या, आईला मारल्या. पोटातल्या पोराच्या ठोक्यांचा आवाज यंत्रातून येत होता. तो मधूनच मंदावे, मग डॉक्टर त्या यंत्रावर हात ठेवून उभ्या राहत, जणू तेवढ्यानं ठोके वाढणार होते. तांबडं फुटायला त्यांनी सौम्य आम्लानं पहिली धुलाई केली. उरलेला कॅन त्यांनी फ्रीजमध्ये कुलपात ठेवला. वस्तीतली बाकीची माणसं अजून यायची होती.

सारिका नळीच्या टोकाकडं बघत बसली होती. त्या टोकाशी एक थेंब जमला, लोंबला, आणि पिशवीत पडला. मग दुसरा. तिनं आयुष्यात कधी पाण्याला ठिबक म्हणून विनवलं नव्हतं, आता ती मनातल्या मनात तेवढंच म्हणत होती. थोड्या वेळानं थेंबांची धार झाली. डॉक्टर मुजावर खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चेहरा ओढणीत लपवला. यंत्रातले ठोके सरळ चालले होते.

टेबलावर सारिकाचा फोन थरथरला. केळुसकर होता. पाणी दुसऱ्या पायरीच्या वर गेलं होतं, आणि पाणबुडे बोलावले होते, एवढं तो कसंबसं बोलला. सारिकानं फोन उलटा करून ठेवला.

मोहिनीनं डोळे उघडले. ओठ फुटले होते, पण नजर ठिकाणावर होती. तिनं आधी पोटावर हात ठेवला, मग खोलीभर पाहिलं, दाराकडं पाहिलं.

“अक्का, पानी आप्पानंच आनलं न्हवं?”

“व्हय.”

“मग त्यो कुठं हाय?”

सारिकानं तिच्या कपाळावरचे ओले केस मागं सारले.

“येतो म्हनलाय,” ती म्हणाली.